गिदोनाची लोकर आणि आपला कौल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती मंडळींत एक वाक्य फार स्वस्त झाले आहे : ‘तुझा विश्वास कमी पडला.’ नोकरी गेली, मूल झाले नाही, आजार हटला नाही, संडे स्कूलचा वर्ग घ्यायला धीर झाला नाही, सगळ्यावर हेच निदान. ऐकणारा आधीच स्वतःविषयी साशंक असतो. मग तो एक तर घरी बसतो, नाही तर शंका झाकायला इतरांपेक्षा मोठ्याने ‘आमेन’ म्हणू लागतो. आम्ही काही जण पवित्र शास्त्राचे अभ्यासवर्ग घेतो. आमच्यात कॅथलिक आहेत, प्रॉटेस्टंटही आहेत. हा घोळ नेमका कुठे होतो ते जरा सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच तर मध्ये लावा, शेवटी नको. औषधांचा मुद्दा शेवटी आहे.

घोळाचे थोडे मूळ भाषेतच आहे. ‘आत्मविश्वास’ आणि ‘विश्वास’ हे शब्द मराठीत इतके शेजारी राहतात की प्रवचनात एकावरून दुसऱ्यावर घसरायला वेळ लागत नाही. ‘मला जमेल का?’ ही शंका स्वतःविषयी. ‘देव शब्द पाळील का?’ ही देवाविषयी. आणि ‘मी जाणार नाही’ ही शंकाच नव्हे, तो नकार आहे. शास्त्रात या तिन्हींना एकच उत्तर मिळत नाही.

निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय हातात पेन्सिल घेऊन वाचावा. इस्राएल लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) सोडवून आण, असे देव सांगतो तेव्हा मोशे पाच वेळा मागे सरतो. मी कोण लागून गेलो फारोकडे जायला? लोकांनी तुझे नाव विचारले तर काय सांगू? त्यांनी माझे ऐकलेच नाही तर? माझी जीभ जड आहे, त्याचे काय? आणि शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. पहिल्या चार वेळा देव रागावत नाही, उत्तर देतो. राग येतो तो पाचव्यांदा, कारण तिथे शंका संपून नकार सुरू झालेला असतो. तरी त्या रागातही भाऊ अहरोन सोबतीला मिळतोच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर मुळातून पाहावे. ‘तू मिसरी राजवाड्यात वाढलास, शिकलेला आहेस, तुला जमेल’ असे देवाला म्हणता आले असते आणि ते खोटेही नव्हते. तो तसे म्हणत नाही. मोशेच्या लायकीवर एक शब्द नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच. खूणही कसली, तर लोकांना बाहेर काढल्यावर तुम्ही याच डोंगरावर उपासना कराल. म्हणजे काम झाल्यावर पावती. आपल्याला ती आधी हवी असते.

सगळ्यात जास्त ओढाताण होते ती गिदोनाची, मिद्यानी शत्रूंशी लढायला देवाने बोलावलेल्या इस्राएली माणसाची. ‘गिदोनासारखी लोकर टाकली’, म्हणजे देवाकडे खूण मागितली, हा ख्रिस्ती घरांतला वाक्प्रचारच झाला आहे. शुक्रवारपर्यंत फोन आला तर देवाची इच्छा, नाही आला तर नाही. कोकणात ग्रामदेवतेला कौल लावतात; गुरव गाऱ्हाणे घालतो, पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून ते सगळे बघत राहतात. आपले काही बंधू त्या कौलाला नावे ठेवतात आणि स्वतः लोकरीच्या नावाने तेच करतात, फक्त पाकळीच्या जागी मोबाइल.

शास्ते ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात गोष्टींचा क्रम वेगळा आहे. गिदोन मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडतो आहे. खळे उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी असते, तेव्हाच उफणणी होते; खोल कुंडात झोडणारा माणूस किती घाबरला असेल हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. माझे कूळ मनश्शे वंशात सगळ्यांत दुबळे आणि घरात मी सगळ्यांत लहान, असे तो म्हणतो. त्याच रात्री त्याला पहिली आज्ञा होते. ती मिद्यानाविरुद्ध नाही, घरातलीच आहे : बापाने बांधलेली बआलाची वेदी पाड, शेजारचा अशेरेचा खांब तोड, सात वर्षांचा दुसरा गोऱ्हा घे आणि त्याच लाकडावर त्याचे होमार्पण कर. काय पाडायचे, कशाने, कुठले जनावर, कुठले सरपण, सगळे ठरवून दिलेले.

गिदोन ते करतो, पण रात्री. दहा चाकर घेऊन. घरच्यांची आणि गावाची भीती वाटली म्हणून रात्री केले, हे शास्त्रच सांगते, आणि पुढे त्याबद्दल बोलही लावत नाही. दिवसा का नाही केलेस, असे देवाने विचारलेले नाही. सकाळी गाव चालून येतो तेव्हा ज्याची वेदी पाडली तो बाप योवाशच पुढे होतो आणि म्हणतो, बआल देव असेल तर आपले भांडण आपण भांडेल. गिदोनाला ज्याची सर्वांत जास्त धास्ती, तोच त्याचा वकील झाला. हे आदल्या रात्री त्याला कळायची काही सोय नव्हती.

लोकर येते ती यानंतर. कर्णा वाजलेला आहे, माणसे जमलेली आहेत, आणि ‘तू म्हटल्याप्रमाणे’ असे गिदोन स्वतःच म्हणतो आहे. आज्ञा त्याला ठाऊक होती. लोकरीने त्याने देवाची इच्छा शोधली नाही. कळलेल्या गोष्टीबद्दल धीर मागितला, तोही ‘रागावू नको’ अशी विनवणी करत. पहिल्या रात्री खळ्यावर ठेवलेली लोकर तेवढी दवाने भिजली, पिळून वाटीभर पाणी निघाले. दुसऱ्या रात्री जमीन भिजली, लोकर कोरडी. तरी भीती गेलीच नाही. सातव्या अध्यायात ३२ हजारांतले २२ हजार ‘ज्याला भीती वाटते त्याने घरी जावे’ हे ऐकून परत गेले, दहा हजार उरले, पाण्याच्या परीक्षेनंतर ३००. त्या रात्री देव गिदोनाला म्हणतो, खाली छावणीवर उतरायची भीती वाटत असेल तर तुझा चाकर पुरा याला घेऊन आधी नुसते ऐकून ये. आणि गिदोन पुराला घेऊन जातो! म्हणजे वाटत होती. खाली एक मिद्यानी शिपाई सोबत्याला स्वप्न सांगत असतो : जवाची एक भाकर गडगडत आली आणि तंबू उलथून गेली. जवाची भाकर हे गरिबाचे खाणे. शत्रूला गिदोन तसाच दिसला, आणि तेवढ्याने काम भागले.

आता आठवा अध्याय, जो प्रवचनात सहसा येत नाही. जिंकल्यावर गिदोनाची शंका गेली. लुटीतल्या कुंडलांचे १,७०० शेकेल सोने, आजच्या हिशेबाने वीसएक किलो, त्याने जमवले आणि त्याचे एफोद, म्हणजे याजकी वस्त्र, करून आपल्या गावी अफ्रा येथे ठेवले. या वेळी ना विचारणे, ना लोकर, ना ‘मी सगळ्यांत लहान’. तो एफोद सगळ्या इस्राएलाला आणि त्याच्या घराण्याला फास ठरला. घाबरत केलेले काम टिकले, बिनधास्त केलेले बिघडले. ‘आधी शंका काढा, मग देव वापरील’ असे शिकवणाऱ्यांनी हा अध्याय एकदा तरी मोठ्याने वाचून दाखवावा.

कोणी मत्थियाचे उदाहरण देईल, यहूदाच्या जागी बारावा निवडताना प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्याच ना? टाकल्या. पण त्याआधी अट ठरवून, माणसे पारखून दोन नावे उभी केली होती, आणि पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्यावर, प्रेषितांच्या कृत्यांत पुन्हा चिठ्ठी पडल्याचा उल्लेख नाही. पवित्र शास्त्र कुठेही उघडून बोट पडेल ते वचन धरणे हाही त्यातलाच प्रकार. पुस्तक जिथे नेहमी उघडले जाते तिथेच त्याची पाने सुटतात, म्हणून ‘देवाने दिलेले’ वचन बहुधा स्तोत्रसंहितेतले निघते.

मग करायचे काय? आधी हे पाहावे की आज्ञा स्पष्ट आहे की नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये (लेवीय १९), भावाच्या मनात काही असेल तर अर्पण वेदीपाशी सोडून आधी समेट करावा (मत्तय ५), आईबापांचा वाटा ‘देवाला वाहिला’ म्हणून बुडवू नये (मार्क ७). इथे खूण मागणे म्हणजे सभ्य चालढकल. शनिवारची मजुरी द्यायची की नाही यावर उपास-प्रार्थना लागत नाही.

अशा कामात माणूस अडतो तो पाऊल फार मोठे धरल्यामुळे. बांधावरून वर्षानुवर्षे न बोलणारे दोन भाऊ घ्या. सगळे मिटवायचे असे मनात आणले की हात फोनकडे जात नाही. पहिला फोन दोन मिनिटांचा ठेवावा. वार आधी ठरवावा. त्यात जमीन नको, वकील नको, जुना हिशेब नको; ‘आईचे गुडघे कसे आहेत?’ पुरे. हमखास बिघडते ते ‘मी तुला क्षमा केली आहे’ या वाक्याने. समोरच्याला त्यात क्षमा ऐकूच येत नाही, आरोप ऐकू येतो. वचन वाचून दाखवले तर आणखीच. आणि क्षमा म्हणजे हक्क सोडणे नव्हे. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज चालू ठेवूनही भावाच्या घरी चहा पिता येतो. हे वेगळे सांगावे लागते, कारण या भीतीनेच बरेच जण समेटाकडे फिरकत नाहीत.

संडे स्कूलचेही तसेच. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या मुलीला एकदम पाऊण तास आणि २५ पोरे दिली की दुसऱ्या रविवारी ती येत नाही, आणि कमिटी म्हणते हल्लीच्या पोरांत समर्पण नाही. चार रविवार तिला जुन्या शिक्षिकेशेजारी नुसते बसू द्यावे, हजेरी घेऊ द्यावी. पाचव्या रविवारी दहा मिनिटांची एक गोष्ट. येशूने शिष्यांना दोघे दोघे पाठवले ते उगाच नाही. वर्गात दोन मोठी माणसे असणे मुलांच्या सुरक्षिततेसाठीही हवेच. पहिल्याच वेळी ‘साक्ष दे’ म्हणून माइक हातात कोंबू नये.

हनन्या या शिष्याला मिळालेली आज्ञाही अशीच बेताची होती. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) ‘नीट’ नावाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरी शौल नावाचा माणूस आहे, तिथे जा. रस्ता, घर, नाव. या माणसाने पवित्र जनांना किती छळले ते मी ऐकले आहे, हे हनन्याने बोलून दाखवले आणि गेला. पुढे तो माणूस प्रेषित पौल होणार याचा भार त्याच्या खांद्यावर नव्हता.

दुसऱ्या प्रकारचे निर्णय वेगळे. आखातात नोकरीला जावे का, सेमिनरीत जावे का, या स्थळाला होकार द्यावा का. याला शास्त्रात तयार आज्ञा नाही, म्हणून इथे वही घ्यावी. निर्णय एका वाक्यात लिहावा. वाक्य होत नसेल तर निर्णय अजून पिकलेला नाही. खाली बाजूने काय, विरुद्ध काय. तिसऱ्या रकान्यात भीती तिच्याच शब्दांत : ‘लोक हसतील’, ‘पैसे पुरणार नाहीत’. दुसरीचा हिशेब करता येतो, महिन्याचा खर्च किती आणि शिल्लक किती महिन्यांची. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च काढावा असे येशूच सांगतो. पहिलीचा हिशेब होत नाही; ती लिहिलेली दिसली की तिचे वजन मात्र कळते. मग तीन माणसांना विचारावे : एक आपल्यावर माया करणारा, एक त्या कामातला जाणकार, आणि एक असा जो तोंडावर ‘नको’ म्हणू शकतो. तिसरा सापडत नाही म्हणून बरेच जण दोघांवरच थांबतात. तिथेच फसगत होते.

वेळेबद्दल येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची सूचना प्रॉटेस्टंटांनीही उचलण्यासारखी आहे. त्यांच्या अध्यात्म-साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली १५४८ मध्ये. त्यात ते सांगतात, मन कोरडे, खचलेले असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. आणि उलटही, मन उचंबळून आलेल्या माणसाला घाईने वचन वा नवस करू देऊ नये. आमच्या मते या दुसऱ्या सूचनेची गरज आज जास्त आहे. सभेच्या तिसऱ्या रात्री, गाणी चालू असताना, ‘विश्वासाने’ देणगीचा आकडा लिहून दिला जातो आणि पुढल्या महिन्यात तो पतसंस्थेच्या कर्जातून फेडला जातो. कागद घरी न्यावा, दोन रात्री उशाशी ठेवावा. देवाची हाक असेल तर सोमवारीही ती असतेच.

‘प्रभूने तुझ्यासाठी मला सांगितले’ म्हणून कोणी आले तर, त्या सांगण्यातून त्याला पैसा, जमीन किंवा अधिकार मिळतो का एवढे पाहावे. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘अधीन राहा’ सांगणे ही देवाची आज्ञा नव्हे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे हे पाळकाचे काम आहे.

खात्री आधी आणि काम मागून, हा क्रम महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती बाईच्याही वाट्याला आला नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यांनीच पुढे लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ती अंतरीची खूण पटायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे गेली. आणि विधवांसाठी शारदा सदन त्यांनी मुंबईत उघडले ते १८८९ मध्ये, म्हणजे त्या खुणेच्या आधी. खात्री होईपर्यंत थांबल्या असत्या तर त्या मुलींचे काय झाले असते हे मनात आणून पाहावे.

शंकेचा एक प्रकार मात्र वेगळा ओळखावा लागतो. तेच पाप चार वेळा कबूल करणे, मन भरकटले म्हणून प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणणे, पवित्र आत्म्याविरुद्धचे, क्षमा नसलेले पाप घडले का या धास्तीने रात्र काढणे. समजूत घातली की अर्धा तास बरे वाटते, मग पुन्हा तेच. खुद्द इग्नेशियस १५२२ मध्ये मान्रेसा येथे यात अडकले होते. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने सांगितले, जुने पाप अगदी स्पष्ट असेल तरच सांग. उपयोग शून्य, कारण त्यांना सगळेच स्पष्ट वाटत होते! शेवटी मागचे काहीच पुन्हा सांगायचे नाही असे ठरवले तेव्हा सुटका झाली. आजही करायचे ते हेच : धर्मगुरू किंवा पाळक एकच धरावा, सांगून झालेले पुन्हा सांगू नये, चुकलेली प्रार्थना तशीच पुढे न्यावी. घरच्यांनी दिवसातून दहा वेळा ‘तुला क्षमा झाली आहे’ म्हणत राहू नये. त्याने आग विझत नाही, वाढते. या विचारांत आणि उजळण्यांत रोज तासभर किंवा जास्त जात असेल तर हे ओसीडी (मंत्रचळ) असू शकते. त्यावर औषधे आहेत, वर्तनोपचार आहेत. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. अशा माणसाला आणखी उपास सांगणे म्हणजे तापलेल्याला घोंगडी पांघरणे.

आता औषधे. ‘विश्वास असेल तर गोळ्या कशाला’ हे वाक्य व्यासपीठावरून थेट कोणी म्हणत नाही. साक्षीतून ते सूचित होते. ‘मी गोळ्या फेकून दिल्या, हालेलूया’ आणि टाळ्या. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, म्हणून बरे झाल्याची साक्ष दिली जाते, औषध सुटते, आणि आजार उलटतो तो नेहमीच्या औषधांना दाद न देणारा होऊन उलटू शकतो. फिट्सच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर एकामागून एक झटके येऊ शकतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांत जीव जातो. आणि मग त्याच्या आईला सांगितले जाते, विश्वास कमी पडला. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो गेला नाही. त्याला कोणी असे म्हटल्याचे नोंदलेले नाही. त्याच्या सोबत्यांत लूक होता, तो वैद्य. शिष्य तीमथ्याच्या पोटासाठी पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले.

म्हणून सर्व पंथांच्या पाळकांना आणि धर्मगुरूंना आपल्या पत्राद्वारे एक मागणे आहे. आरोग्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण सभेच्या सुरुवातीलाच, पहिले गाणे होण्याआधी, माइकवरून सांगा की डॉक्टरांनी थांबवल्याशिवाय कोणीही गोळी, इंजेक्शन किंवा इन्सुलिन थांबवू नये. शेवटी सांगून उपयोग नाही; तोपर्यंत निम्मे लोक एसटी पकडायला उठलेले असतात. आणि बरे झाल्याची साक्ष घ्यायचीच तर रिपोर्ट हातात घेऊन घ्या. येशूने कुष्ठरोग्याला बरे केले तेव्हाही त्याला आधी याजकाकडे तपासायला पाठवले होते.

आपले नम्र,
पवित्र शास्त्र अभ्यासवर्गाचे काही शिक्षक,
अहिल्यानगर